ड्रोन शिकायचाय, लावणीचे फोटो काढायचेत. सुरुवात कुठून करू?

सड्यावरची (एप्रिल):

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. मी पुण्यात नोकरी करते, गाव संगमेश्वर तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी. आमची भाताची खाचरं उतारावरून पायऱ्या पायऱ्यांनी खाली पऱ्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) गेलीयेत. लहानपणी मी समोरच्या सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळाच्या माळावर, जाऊन बसायचे, तिथून ती सगळी एकदम दिसायची पण तिरकी, वरून सरळ खाली बघितल्यावर कशी दिसत असतील हे तेव्हापासून डोक्यात आहे. आजी ८१ वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे दोन वर्षं शेतात उतरलेली नाही. निम्मी खाचरं आता पडीकच असतात, कारण लावणीला माणसंच मिळत नाहीत. म्हणून यंदाची लावणी मला वरून टिपून ठेवायचीय, पुढच्या वर्षी किती लावतील देव जाणे.

आमच्या दाजींनी २०२१ मध्ये डीजेआयचा मिनी २ ड्रोन घेतला होता, चार वेळा उडवला आणि कपाटात ठेवला तो ठेवलाच, आता मला देऊन टाकलाय. सोबत तीन बॅटऱ्या आहेत. फोटोग्राफी मी बऱ्यापैकी करते, डीएसएलआर आहे, मॅन्युअल मोड कळतो, पण उडवण्याचा अनुभव शून्य. लायसन लागतं का, पुण्यात सराव कुठे करायचा, आणि जुलैपर्यंत हात बसेल का? आणि लावणी म्हणजे पाऊस, पावसात हे उडतं तरी का? जरा सविस्तर सांगा प्लीज.

कृष्णाकाठ:

ताई आधी एक काम करा, बाकी सगळं नंतर. त्या तीन बॅटऱ्या हातात घ्या आणि टेबलावर सपाट ठेवून बघा. डुलतायत का, मधे फुगवटा आहे का, ड्रोनमध्ये सरकवताना अडकतायत का. इतकी वर्षं कपाटात पडलेली लिथियम बॅटरी बहुतेक वेळा पूर्ण उतरून फुगते. फुगलेली असेल तर चार्जिंगला अजिबात लावू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यातही नको, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. आणि चांगली निघाली तर यापुढे फुल चार्ज करून ठेवून द्यायची नाही, निम्मी चार्ज ठेवायची.

मी सांगलीत लग्नाची शूटिंगं करतो, धंद्यासाठी उडवतो म्हणून रीतसर कोर्स करून पायलट सर्टिफिकेट काढलंय. पण माझा पहिला ड्रोन मी तिसऱ्या आठवड्यातच घालवला, तो कसा ते सांगतो म्हणजे तुमचा वाचेल. एका धरणाच्या फुगवट्यावर सकाळी पाणी आरशासारखं होतं, मला पाण्याला लागून जाणारा शॉट हवा होता. ड्रोनच्या पोटाखाली जे सेन्सर असतात ते खाली जमीन बघून उंची धरतात, चकचकीत स्थिर पाण्यावर त्यांना काही कळत नाही. स्क्रीनवर दीड मीटर दाखवत होता आणि प्रत्यक्षात तो हळूहळू खाली येत होता, मी बघत होतो स्क्रीनकडे. पाण्याला टेकला आणि गेला. दोन मिनिटं पाण्यात लाल दिवा लुकलुकत होता, मग तोही बंद झाला. लावणीच्या खाचरात सगळं पाणीच असतं ताई, म्हणून हे आत्ताच लिहितोय. पाच मीटरच्या खाली पाण्यावर जायचंच नाही.

पावसाचं म्हणाल तर मिनी २ ला पाण्यापासून काहीही संरक्षण नाही, मोटरी उघड्या असतात. भुरभुर सुरू झाली की उतरवायचा. पण कोकणात लावणीच्या दिवसांत उघडीप मिळते, अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ होतो.

घाटमाथा:

नियमांचं मी लिहितो. ड्रोन नियम २०२१ त्या वर्षी २५ ऑगस्टला आले, त्यात वजनावर वर्ग आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. तुमचा मिनी २ बॅटरीसकट २४९ ग्रॅम, म्हणजे नॅनो. नॅनोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, मायक्रोलाही हौसेपुरतं उडवत असाल तर लागत नाही. नॅनोला टाईप सर्टिफिकेट (ड्रोनच्या मॉडेलला मिळणारं प्रमाणपत्र) आणि थर्ड पार्टी इन्शुरन्सचीही सूट आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, पंख्यांना गार्ड लावले की वजन २५० च्या वर जातं आणि तुमचा ड्रोन मायक्रोत मोडतो, तिथे या दोन सवलती राहत नाहीत. त्यामुळे गार्ड लावून शिकते म्हणाल तर ते करू नका, मोकळ्या जागेत शिका. नोंदणी करून यूआयएन नंबर, म्हणजे ड्रोनचा ओळख क्रमांक, काढायचं नियमांत आहे, तेही करून टाका.

लायसन लागत नाही म्हणजे कुठेही उडवता येतं असं मात्र नाही आणि गल्लत इथेच होते. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या साइटचा नकाशा उघडा, त्यात लाल, पिवळा, हिरवा असे भाग आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटर, परवानगीशिवाय चालतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात तेच २०० फूट. पिवळ्यात एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रणाची) परवानगी, लाल म्हणजे केंद्र सरकारची, आपल्यासाठी ती नाहीच असं धरा. नियम मोडला तर १ लाखापर्यंत दंड आहे. पुण्यात लोहगावला हवाई दल, खडकवासल्याला एनडीए, पाषाणला डीआरडीओ, वर कॅन्टोन्मेंटचा भाग, त्यामुळे टेकडीवर जाऊन उडवते असं मनातही आणू नका. सराव गावालाच करा. गाव घाटाच्या पायथ्याशी म्हणताय तर वर सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, चांदोलीची हद्द तुमच्या तालुक्याला भिडते, तेव्हा नकाशात गावाचं ठिकाण झूम करून बघा आणि वनखात्याच्या हद्दीत शिरू नका. आणि नकाशा हिरवा असला तरी पोलिसांचा मनाई आदेश निघालेला असू शकतो, मुंबईत तर तो सारखा निघतो. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात एकदा विचारून घ्यायचं.

बाकी वाचणाऱ्यांसाठी, ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. ताईंचा त्याआधीचा आहे, बिल असेल तर जपून ठेवा. आत्ता बिनबिलाचा स्वस्तात मिळतोय म्हणून कोणी घेऊ नका, वॉरंटी नाही, पोलिसांनी विचारलं तर दाखवायला कागद नाही. माझ्या ओळखीतल्या एकाने असाच घेतला, महिन्याभरात जिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा भाग) गेला आणि दुकानदार आता फोनही उचलत नाही.

सड्यावरची:

बापरे, किती छान आणि किती पटकन लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. बॅटऱ्या बघितल्या, कृष्णाकाठ दादा तुमचं खरं निघालं, दोन फुगल्यात, एकीचा तर वरचा प्लास्टिकचा भाग शिवणीवर उघडलाय. तिसरी सपाट आहे, चार्ज झाली. दोन्ही ई-कचऱ्यात देऊन आले. नकाशात आमचं गाव हिरवं आहे, वरचं जंगल सोडून. दाजींकडे बिलही सापडलं.

काल गच्चीवर नेऊन नुसता चालू केला, उडवला नाही, फक्त ॲप जोडून बघायला. ॲप प्ले स्टोअरवर नाहीये, कंपनीच्या साइटवरून घ्यावं लागलं त्यात तास गेला. मग सारखं कंपास एरर, कंपास एरर. कॅलिब्रेट करायला गोल फिरवला तरी तेच. बिघडलाय का?

चारपंखी:

बिघडलेला नाही. गच्चीच्या स्लॅबमध्ये सळया आहेत, ड्रोन जमिनीवर ठेवला की त्याचा कंपास त्या लोखंडाने भरकटतो. पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड, कठडा, गाडीचं बॉनेट, सगळीकडे हेच होणार. मातीवर ठेवा, एरर आपोआप जाईल. आणि अशा जागी कॅलिब्रेट केलेलं असेल तर ते चुकीचं बसलेलं असतं, गावी मोकळ्या शेतात पुन्हा करा, खिशातला मोबाईल आणि हातातलं कडं बाजूला ठेवून.

मी नाशिकचा, स्वतः जोडून एफपीव्ही (चष्मा लावून ड्रोनच्याच कॅमेऱ्यातून बघत उडवायचे ड्रोन) उडवतो, सोल्डरिंग वगैरे. तुमचा ड्रोन माझ्यापेक्षा खूप शहाणा आहे, रिमोटच्या काड्या सोडल्या की जीपीएसवर जागेवर थांबतो. पण थांबतो म्हणून लोक शिकतच नाहीत आणि मग सिग्नल तुटला किंवा तोंड उलटं झालं की गडबडतात. डावी काडी वर-खाली आणि गिरकी, उजवी काडी पुढे-मागे आणि डावी-उजवी, हे सगळे वाचतात. खरी मेख वेगळीच आहे, ड्रोनचं तोंड तुमच्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि घाबरल्यावर बोट नेमकं चुकीकडे जातं. हे डोक्याने नाही जमत, अंगठ्यात उतरावं लागतं. मे महिन्यापर्यंत लिफ्टऑफसारखा सिम्युलेटर घ्या, साधा यूएसबी कंट्रोलर जोडा, रोज वीस मिनिटं. त्यात शंभरदा पाडा, पैसे जात नाहीत. एफपीव्हीचा सिम्युलेटर कॅमेरा ड्रोनपेक्षा अवघड असतो, तिथे जमलं की मिनी २ सोपा वाटतो.

गावी गेलात की पहिले दोन दिवस कॅमेरा विसरा. खरंच विसरा. डोक्याइतक्या उंचीवर, दहा पावलांवर, शेपटी तुमच्याकडे करून नुसता चौकोन मारा. मग तोंड तुमच्याकडे करून तोच चौकोन. मग आठाचा आकडा. हे एकेका बॅटरीत करायचं, आणि तुमच्याकडे एकच आहे तेव्हा दुसरी एक चांगली घ्याच. नजर ड्रोनवर ठेवायची, स्क्रीनवर नाही. तो डोळ्यांना दिसतोय तेवढंच लांब जायचं.

अजून एक, उडायच्या आधी सॅटेलाईट पुरेसे येऊन होम पॉइंट (परत यायची जागा) नोंदला गेला असं ॲप बोलून सांगतं, ते ऐकल्याशिवाय जमीन सोडायची नाही. नाहीतर सिग्नल तुटल्यावर तो परत येणार कुठे?

घाटमाथा:

चारपंखी यांनी परत येण्याचा विषय काढलाच आहे तर त्यात कोकणातला धोका जोडतो. रिटर्न टू होम दाबलं की ड्रोन ठरवलेल्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत घरी येतो, वाटेत काय आहे ते बघत नाही. मिनी २ ला समोर सेन्सर नाहीत, फक्त खाली आहेत. माड सहज वीस-पंचवीस मीटर असतो, उतारावरचा माड तर तुमच्या पायाच्या पातळीवरून अजून उंच. परतीची उंची पन्नास मीटर तरी ठेवा. विजेच्या तारा स्क्रीनवर दिसतच नाहीत, खांब शोधायचे आणि तारा आहेतच असं धरून चालायचं.

शिवाय ॲपमधली उंची ही जिथून उडवला तिथपासूनची असते, खालच्या जमिनीपासूनची नाही. तुम्ही अंगणातून उडवून उतारावर खाली पऱ्याकडे गेलात तर आकडा तीस दाखवेल आणि खाली प्रत्यक्षात साठ मीटर असतील. उलट सड्याच्या बाजूला गेलात तर तीस म्हणता म्हणता झाडाला लागेल. मी एकदा कड्यावरून उडवून खाली दरीत नेला तर आकडा उणे झाला होता. आमच्या डोंगरात कंपासचाही त्रास होतो, बेसाल्टमध्ये चुंबकी खनिज असतं, काही कातळांवर ठेवला की लगेच एरर. हातावरून उडवला की जातो.

गडकिल्ल्यांचं कुणी विचारायच्या आधीच सांगतो. पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यांवर परवानगीशिवाय उडवायचा नाही, आणि २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी धरून १२ किल्ले जागतिक वारशात गेल्यापासून लक्षही जास्त आहे. मला स्वतःला राजगडाची बालेकिल्ल्यासकट संजीवनी माची एका फ्रेममध्ये घ्यायची फार इच्छा आहे, पण कागद हातात आल्याशिवाय मी ड्रोन वर नेणार नाही.

भातखाचर:

मी कुडाळचा, शेती करतो. ड्रोनमधलं मला जास्त कळत नाही, पण लावणी कळते म्हणून लिहितोय.

जोत चालू असेल तर त्याच्या जवळ नेऊ नका. बैल बुजतो. आमच्याकडे एका मुलाने असाच खाली आणला, बैल चिखलातून उधळले, जोत धरणारा पडला, नशीब की फाळ लागला नाही. पॉवर टिलर असेल तर प्रश्न नाही. आणि वाकून मूठ लावणाऱ्या बायांच्या डोक्यावर घोंघावत राहू नका, पाच मिनिटं काढा आणि जा. त्यांना आधी सांगा, विचारा, काढलेलं दाखवा. न विचारता वरून फोटो काढलेला कोणाला आवडेल?

वाडीत आदल्या दिवशी सांगून ठेवा, पोलीस पाटलाला, सरपंचाला. २०२४ च्या पावसाळ्यात तिकडे बीड-जालन्याकडे रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावंच्या गावं जागी राहत होती, ती भीती सगळीकडे पसरलीय. ड्रोन दिसला की दुसरी शंका जमिनीची येते. गावठाणाची मोजणी ड्रोननेच झाली ना, पुरंदरच्या सोनोरीला पहिला प्रयोग झाला, मग स्वामित्व योजनेत सगळीकडे. त्यामुळे वर काही घरघरलं की लोक म्हणतात मोजणी आली, जमीन जाणार. तुम्ही गावच्या लेक आहात, तुमचं ऐकतील, पण सांगा.

घारींचं पण बघा. आमच्याकडे ब्राह्मणी घार ड्रोनवर आलेली मी बघितलीय.

चारपंखी:

घार आली तर खाली पळायचं नाही, ती वरूनच झडप घालते. सरळ वर चढायचं, मग बाजूला होऊन उतरवायचा. आणि त्या भागात त्या दिवशी परत नाही न्यायचा, जवळ घरटं असतं बहुतेक.

कृष्णाकाठ:

आता फोटोंचं, कारण ताईंना कॅमेरा कळतो म्हणतायत.

मिनी २ चं ॲपर्चर एफ २.८ ला फिक्स आहे, बदलता येत नाही. आयएसओ १०० ठेवा आणि शटरने खेळा. फोटो डीएनजीमध्ये (रॉ फाईल) घ्या, जेपीजी चिखलाचे रंग खाऊन टाकतो. भरल्या खाचरात आभाळाचं प्रतिबिंब पडतं, कॅमेरा शेतावर एक्सपोज करतो आणि पाणी पांढरं फटक होतं, ते नंतर परत येत नाही. म्हणून अर्धा ते पाऊण स्टॉप अंडर, किंवा तीन फोटोंचं ब्रॅकेटिंग. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, हिरवं जास्त झालं की तो वेड्यासारखा बदलतो, ढगाळवर लॉक करा.

उंच जायचा मोह होतो, नका जाऊ. नवीन लोक १२० मीटरवर जाऊन काढतात आणि ते सॅटेलाईटचा नकाशा काढल्यासारखं दिसतं. लावणीची रांग, तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) मुठी टाकलेल्या, कोणाच्या अंगावर लाल प्लास्टिकचा कागद, कोणाचं इरलं, हे पंचवीस-तीस मीटरवरूनच कळतं. कॅमेरा पूर्ण खाली, उणे ९० वर. बांध फ्रेमच्या कडेला तिरका पडू दे, मधून कापू नका. एक खाचर लावून झालेलं, एक अर्धं, एक नुसता चिखल, हे तिन्ही एकत्र मिळालं तर सोनं. ढगाळ दिवस चांगला, सावल्या नाहीत, माणसं वेगळी कळतात. ऊन पडलं तर सकाळी सातच्या आसपास, तेव्हा वाकलेल्या माणसाची सावली माणसापेक्षा मोठी पडते, फार सुंदर दिसते.

व्हिडिओ काढणार असाल तर पंचवीस फ्रेमला शटर पन्नासावर आणा, त्यासाठी एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लागेल, पण तो चढवला की वजन वाढतं, घाटमाथा म्हणाले तेच. म्हणून पहिल्या वर्षी फोटोच काढा. उडवताना सिने मोड ठेवा, काड्या मऊ होतात. वाऱ्याविरुद्ध आधी जायचं आणि वाऱ्याबरोबर परत, उलटं केलंत तर परतताना बॅटरी संपते. चाळीस टक्क्यांना परत फिरायचं.

सड्यावरची (जुलै):

आले एकदाची. मे मध्ये पंधरा दिवस गावी होते, सिम्युलेटर त्याआधी महिनाभर रोज केला. चारपंखी दादा, अंगठ्यात उतरतं म्हणजे काय ते अकराव्या दिवशी कळलं, ड्रोन तोंड माझ्याकडे करून होता आणि मी विचार न करता बरोबर काडी फिरवली. एकदा आंब्याच्या फांदीत अडकला, चुलतभावाने बांबूने काढला, दोन पाती बदलली.

लावणी गेल्या आठवड्यात झाली. आमच्या चार खाचरांची आणि शेजारच्यांची मिळून, बारा माणसं होती. आदल्या संध्याकाळी सगळ्यांकडे जाऊन सांगितलं, पोलीस पाटील काकांनी तर पोरांना घेऊन बघायला येतो म्हणून सांगितलं आणि खरंच आले. सकाळपासून धो धो, दहा वाजता उघडलं. घाईघाईत पेटीतून काढला तर लेन्सवर आतून धुकं, रात्रभर गाडीत ठेवला होता ना. वीस मिनिटं शेगडीपासून लांब, पण स्वयंपाकघरात ठेवल्यावर गेलं. मग अंगणात सारवलेल्या जमिनीवर गोणपाट टाकून उडवला. सत्तावीस मिनिटांची उघडीप मिळाली, दोन्ही बॅटऱ्यांत मिळून ८४ फोटो. बैल लांब बांधावर होते, तिकडे गेलेच नाही. बायांना जेवणाच्या वेळी पडवीत बसून लॅपटॉपवर दाखवले, प्रत्येकीने आधी स्वतःला शोधलं, वरून नुसतं इरलं दिसतं तरी बरोबर ओळखलं.

आजीला मोठा प्रिंट काढून दिला. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग बोट ठेवलं ते तिसऱ्या खाचराच्या बांधावर. म्हणाली हा इथे वाकडा का आहे माहितेय का, कोयनेच्या भूकंपात इथली माती खचली, तुझ्या आजोबांनी त्या उन्हाळ्यात पुन्हा घातला तेव्हा दगड पुरले नाहीत म्हणून आत घेतला. १९६७ चा डिसेंबर. मी तो बांध आयुष्यभर चाललेय, वाकडा आहे हे मला कधी कळलंच नव्हतं. मग तिने एकेका खाचराचं नाव सांगितलं, मी प्रिंटवर पेन्सिलीने लिहून घेतलं.

एक शंका आहे, तिरक्या फोटोंत क्षितिज डावीकडे जरा कललेलं येतंय, एक-दीड डिग्री. सरळ खालच्या फोटोंत काही नाही. पडल्यामुळे असेल का?

घाटमाथा:

फांदीत अडकल्यावर होतं तसं. ड्रोन पूर्ण सपाट जागेवर ठेवा, टेबलाला पाणसळ लावून बघा, वारा नको, आणि ॲपमध्ये कंट्रोलमध्ये जाऊन जिंबल कॅलिब्रेशन ऑटो करा. तेवढ्याने गेलं नाही तर तिथेच हाताने क्षितिज सरळ करायची सोय आहे. आत्ताचे फोटो लाइटरूममध्ये फिरवून घ्या.

आणि खाचरांची नावं लिहिलेला तो प्रिंट इथे टाका ना, आजींची हरकत नसेल तर.

भातखाचर:

नावं मलाही वाचायचीत. आमच्याकडे पण नावं आहेत, माझ्या मुलाला त्यातली दोनच येतात.